लाल गाडीतलं हँडल

गाडी सुरू व्हायच्या आधीच गाणं सुरू झालं. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

टेस्ट ड्राइव्हला गाणं कशाला लागतं? आपण गाडी काय बोलते ते ऐकायला आलेलो असतो. दार खडखडतं का, खालून काही वाजतं का, इंजिन कुरकुरतं का. आणि हा सेल्समन बसल्या बसल्या स्पीकरचा आवाज वाढवतोय. मी मागच्या सीटवरून सांगितलं, गाणं बंद करा. त्यानं आवाज कमी केला. मी परत सांगितलं. मग बंद केलं, पण एसी फुल करून ठेवला. एसीच्या पंख्याच्या घरघरीतही बरंच काही लपतं.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. घरी आमचे मिस्टर म्हणतात, हिला सत्यनारायणाचा प्रसाद दिला तरी ही एक्स्पायरी डेट विचारेल. पण हा संशय मला पगारासकट मिळालेला आहे. चितेगावला शॉकअप बनवणाऱ्या एका कंपनीत मी टेस्टिंग डिपार्टमेंटला आहे. शॉकअप म्हणजे चाकाजवळची तेल भरलेली नळी. खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग उड्या मारायला लागते, तिला आवरायचं काम ह्या नळीचं. आम्ही शॉकअप मशीनवर वरखाली करतो, गाडीला बसवून वाईट रस्त्यांवर फिरवतो आणि आत बसलेल्या माणसांना काय जाणवलं ते लिहून ठेवतो. माझं अर्धं आयुष्य खड्ड्यांत गेलं असं मी म्हणते, त्यात अतिशयोक्ती काही नाही.

आपल्याकडं गाडी बघायला कुणी एकटं जात नाही. मुलगी बघायला जाताना एखादा खवचट मामा सोबत नेतात, तसा गाडी बघायला एक जाणकार माणूस न्यायचा रिवाज आहे. आमच्या कंपनीत त्या मामाचं काम माझ्याकडं आलंय. कुणीही गाडी घ्यायला निघालं की शनिवारी माझा फोन वाजतो.

ह्या वेळी फोन रुपालीचा होता. रुपाली आमच्याच कंपनीत, परचेसला. हुशार मुलगी. तिचं गाव वैजापूरच्या पलीकडं. आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन फिरणारं घर, वडिलांनी थोडी शेती केली, आणि आता तिची आई, म्हणजे कौसामावशी, रुपालीच्या भावाजवळ राहून शेळ्या सांभाळतात. मागच्या पावसाळ्यात मावशी गोठ्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, खुब्याचा सांधा नवा बसवला. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे पाट नाही, बाज नाही, खोल सोफा नाही. तसं बसलं तर सांधा निखळू शकतो. दुसरी, दर आठवड्याला शहरात येऊन फिजिओथेरपी. ती चुकली तर पाय आखडणार आणि मग काठी कायमची.

शहरात रुपालीकडं राहायचं तर तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. एसटीची पायरी मावशींना चढवत नाही. वडापच्या जीपमध्ये कोंबून आणायचं म्हणजे नवा खुबा जुना करायचा. म्हणून रुपालीनं ठरवलं की स्वतःची गाडी घ्यायची आणि दर शनिवारी आईला घेऊन यायचं. गाडी ह्या एका कामासाठी होती. आईचा पाय वाचावा म्हणून.

पण तिचं मन बसलं होतं एका लाल गाडीवर. लहान, टपोऱ्या डोळ्यांची, वर काळं छप्पर, मागं उतरत गेलेलं. मोबाइलच्या स्क्रीनवर तिनं त्या गाडीचा फोटो लावला होता. मला दाखवताना म्हणाली, "मॅडम, दिसायला कशी आहे बघा ना." मी बघितलं. दिसायला देखणी होती. देखण्या वस्तूचं मला जरा जास्तच भय वाटतं.

त्या शनिवारी मावशींची तपासणी होती. ती उरकून मायलेकी पैठण रोडवरच्या शोरूमला आल्या आणि मी कंपनीतून परस्पर तिथं पोचले. सेल्समनचं नाव सागर. टाय लावलेला, बोलायला गोड. मावशींना त्यानं आजी म्हणून नमस्कार केला, थंड पाणी आणून दिलं. इतकी सरबराई बघून मी मनात म्हटलं, बघू.

मावशींना आधी पुढं बसवलं. पुढची सीट स्पोर्ट्स टाइप, म्हणजे दोन्ही कडा उंच आणि मध्ये खड्डा. मावशी त्यात जाऊन बसल्या त्या रुतल्याच. बाहेर काढायला मला आणि रुपालीला दोन्हीकडून धरावं लागलं. मग मागं बसल्या. मी त्यांच्या शेजारी, रुपाली स्टिअरिंगवर, सागर तिच्या बाजूला. मागची सीटही खोलच. मी बघितलं तर मावशींचे गुडघे खुब्याच्या वर. रुपालीला सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, उशी ठेवू की. सागरनं लगेच शोरूमच्या सोफ्यावरची उशी आणली. उशी खाली ठेवली तर मावशींचं डोकं त्या उतरत्या छपराला टेकलं. मावशींनी मान वाकवली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. देवळात जाताना वाकतोच की आपण."

रुपाली हसली. सागरही हसला. मला काही हसू आलं नाही. मी उशी काढून घेतली आणि सांगितलं, मावशी, पाय जरा पुढं लांब ठेवा, आपण जवळच जाऊन येऊ.

तर ते गाणं वगैरे झालं आणि आम्ही निघालो. रस्ता नव्या काँक्रीटचा, तुळतुळीत. रुपाली छान चालवते. पिकअप बरा होता, स्टिअरिंग हलकं. आणि गाडी मऊ होती. इतकी मऊ, की मला घाम फुटायचा बाकी राहिला. कारण अशा दिखाऊ गाड्यांना मोठी रिम आणि पातळ टायर घालतात. दिसायला झकास दिसतं, पण रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर राहतं बोटभर. काँक्रीटच्या जोडांवरून जाताना टक टक लागायलाच पाहिजे. ह्या गाडीत काहीच लागत नव्हतं.

थोडं पुढं गेल्यावर सागर म्हणाला, मॅडम, इथून यू-टर्न. मी विचारलं, पुढं का नको? तो म्हणाला, रूट फिक्स असतो, पुढं इन्शुरन्सचा प्रॉब्लेम येतो. आता मला सांगा, इन्शुरन्स काय यू-टर्नपाशी उतरून घरी जातो? पुढं काय होतं ते मला पाठ होतं. पुढं काँक्रीट संपत होतं.

परत येताना मी मावशींना विचारलं, बरं वाटतंय ना? पुढून रुपालीनंही विचारलं, आई, आवडली ना? त्या म्हणाल्या, "लई भारी हाय." रुपालीचा चेहरा मला आरशात दिसला. ती इतकी खूश होती की मलाच वाईट वाटलं. मावशींचा उजवा हात छताजवळच्या हँडलवर होता. डावा सीटच्या कडेवर. मी ते बघितलं आणि मनात ठेवलं. आधी टायरचं बघू म्हटलं.

शोरूमला उतरल्यावर मी पर्समधून हवा मोजायचं गेज काढलं. बायकांच्या पर्समध्ये काय काय असतं, माझ्या पर्समध्ये हे असतं. टायरमध्ये हवा किती पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेलं असतं. एक टायर बघितला, कमी. दुसरा, तितकीच कमी. चारही सारखे. पंक्चर असतं तर एकात कमी असती. चारही टायर ठरवून सारखे मऊ होत नाहीत, कुणीतरी ते केलेलं असतं.

सागरला विचारलं. तो म्हणाला, "उन्हानं हवा कमी होते, मॅडम."

"उन्हानं वाढते," मी म्हणाले. "शाळेत होता का त्या दिवशी?"

ही चलाखी सोपी असते. हवा कमी केली की टायरच गादीचं काम करतो. गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय आरामशीर गाडी. डिलिव्हरी मिळाल्यावर ते पंपावर जाऊन नीट हवा भरतं आणि मग विचार करत बसतं, तो आराम कुठं गेला? मी हे रुपालीला समजावत होते तर खुर्चीवरून मावशीच बोलल्या. म्हणाल्या, आमच्यातबी हायच की हे. बाजारात शेळी न्यायची असली तर आदल्या सांजंला धार काढत नाय. कास तट्ट दिसती. घेणारा म्हणतो, दूध लई. घरी नेल्यावर कळतं.

रुपालीनं आईकडं असं बघितलं की मावशी गप्प झाल्या. तिच्या लाल गाडीची तुलना बाजारच्या शेळीशी झालेली तिला काही आवडली नाही.

मी सागरला म्हटलं, चला, हवा भरू आणि परत फिरू, माझ्या रस्त्यानं. तो मॅनेजरला फोन लावायला निघाला. मी म्हटलं, लावा, म्हणजे हवेचंही त्यांनाच विचारते. त्यानं फोन खिशात ठेवला. मावशींना शोरूममध्येच बसवलं. उंच खुर्ची बघून दिली, चहा सांगितला. खड्ड्यात त्यांना न्यायचं काहीच कारण नव्हतं.

पंपावरच्या हवा भरणाऱ्या चाचांनी चारही टायर तपासले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, ये तो किसीने जानबूझकेच निकाली है." सागर रस्त्याकडं बघत उभा राहिला. हवा बरोबर भरली आणि आम्ही चितेगावला निघालो.

आमच्या कंपनीच्या मागच्या गेटकडं जाणारा एक रस्ता आहे. कंटेनर जाऊन जाऊन त्याची अशी अवस्था झालीय की आम्ही तो दुरुस्त होऊ नये म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करतो. इतका चांगला वाईट रस्ता शोधून सापडायचा नाही. मी मावशींच्या जागेवर बसले होते, मुद्दाम. काँक्रीट होतं तोवरच ती टक टक सुरू झाली, जी मघाशी गायब होती. मागच्या गेटच्या वळणावर पहिला खड्डा आला आणि खालून धाड आवाज झाला.

ह्याला आम्ही बॉटमिंग म्हणतो. शॉकअपला वरखाली व्हायला जेवढी जागा दिलेली असते ती संपली, की लोखंड थेट आपटतं आणि तो दणका सीटमधून माणसाच्या कमरेत येतो. गाडी बुटकी आणि देखणी दिसावी म्हणून ती जागाच कमी ठेवलेली असली तर शॉकअप बिचारा काय करणार? दुसरा खड्डा, परत धाड. माझा खुबा देवानं दिलेला आहे, तरी कळ मस्तकात गेली. तिसऱ्याला मी रुपालीला थांबायला सांगितलं.

तिनं गाडी बाजूला घेतली आणि तिचा बांध फुटला. म्हणाली, रोज काय मागच्या गेटनं जायचंय का मला? तुम्हाला कुठलीच गाडी आवडत नाही मॅडम, मागं अकाउंट्सवाल्या कुलकर्णींनाही तुम्ही तीन गाड्या नाकारायला लावल्या. मी म्हटलं, वैजापूरचा रस्ता काय मखमलीचा आहे? सागर मध्येच म्हणाला, सस्पेन्शन जरा स्पोर्टी आहे. मी त्याच्याकडं बघितलं, तसा तो खिडकीबाहेर बघायला लागला. थोड्या वेळानं तसाच बाहेर बघत हळू आवाजात म्हणाला, "डेमोतली हवा कमी ठेवायची, हे वरून असतं मॅडम. मी फक्त गाडी बाहेर काढतो." मला त्याचा राग आला होता, तो निम्मा तिथं उतरला.

रुपालीचा मात्र चढलाच होता. म्हणाली, आईला आवडली ना? तुमच्यासमोर ती लई भारी म्हणाली. बसायचं तिला आहे, दणके तिला बसणार आहेत, आणि ती बरं म्हणते तर तुम्ही आणि मी कोण?

तिनं गाडी वळवली. आम्ही शोरूमकडं निघालो. गाणं काही कुणी लावलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती आमच्या कामातली. गाडीत माणसं बसवून चाचणी घेतो तेव्हा आम्ही त्यांना कसं वाटलं ते विचारतो आणि उत्तर लिहून घेतो. पण त्या उत्तरावर जात नाही. कंपनीचा माणूस समोर बसलेला, फुकटचा चहा झालेला, मग कोण वाईट म्हणणार? आम्ही बघतो हाताकडं. आराम वाटत असेल तर हात मांडीवर असतो, मोबाइलवर असतो, खिडकीवर असतो. आराम नसेल तर तो काहीतरी धरून असतो, आणि माणसाला स्वतःला ते माहीतही नसतं.

मावशींचा हात तुळतुळीत रस्त्यावर, हवा काढलेल्या टायरवर, सगळा वेळ हँडलला होता. आणि नुसता धरलेला नव्हता. मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. त्या हँडलला लोंबकळून स्वतःला सीटवरून उचलून धरत होत्या. तरी तोंडानं लई भारी.

शोरूमला गेल्यावर मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. रुपाली काउंटरपाशी पाठ करून उभी होती, पण तिला ऐकू जात होतं. मी विचारलं, मावशी, मघाशी ते हँडल कशाला धरलं होतं?

"असंच."

"हाताला रग लागली का?"

त्यांनी हात पदराखाली घेतला. मी तशीच बसून राहिले. आम्हाला बसून राहायची सवय असते, मशीनपुढं तासन्‌तास बसतो. शेवटी त्या हसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, तुमी कायबी नका बोलू तिला. लेकरानं हौसेनं पसंत केलीय. आजवर कायबी मागितलं नाय तिनं. घेऊ द्या. मी एक डाव बसंन, पूजेला. मंग सांगंन, शेळ्या व्याया आल्यात, आता जमायचं नाय."

म्हणजे बाई दर आठवड्याची फिजिओथेरपीच बंद करणार होत्या. काठी कायमची घेणार होत्या, आणि लेकीला कळूही देणार नव्हत्या. गाडी लेकीची, गाडीचं कारण मात्र गोठ्यात बसून राहणार. मी टायरवर, रूटवर, गाण्यावर संशय घेत बसले होते. सगळ्यात पक्की थाप ह्या बाईनं मारली होती, आणि ती पकडल्यावर मला माझ्या हुशारीचा आनंद काही झाला नाही.

रुपाली वळली. तिनं मोबाइल काढला, उगाच बघितला, परत पर्समध्ये टाकला. मग आईजवळ येऊन म्हणाली, "तू मला सांगायचं ना, आई."

"तू इचारलंस कुठं?" मावशी म्हणाल्या. "तू म्हनलीस, आवडली ना."

रुपालीनं खाली बसून आईचा तो हात पदराखालून काढला आणि तळवा उघडून बघितला. हँडलची खूण अजून होती. मग ती रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, येडी का खुळी, लोक बघत्यात.

सागर दोन ग्लास पाणी घेऊन आला आणि ह्या वेळी मला त्याचा संशय आला नाही.

शोरूमच्या मागच्या कोपऱ्यात एक उभट, चौकोनी गाडी होती. पांढरी. येताना रुपाली तिला दूधवाल्याची गाडी म्हणाली होती. मी मावशींना फक्त हात धरून तिच्यापर्यंत नेलं. त्यांनी दार उघडलं, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि टेकल्या. वाकल्या नाहीत, रुतल्या नाहीत. सीट बरोबर खुब्याच्या उंचीला होती. गुडघे खाली. डोक्यावर अजून एक फेटा मावेल एवढी जागा. रुपाली बराच वेळ बघत राहिली आणि मग सागरला म्हणाली, लाल रंगात येते का ही? सागर म्हणाला, येत नाही. ती म्हणाली, मग असू दे पांढरी.

त्या गाडीलाही मी मागच्या गेटवर फिरवून आणलं, हवा बरोबर भरून. दणके होते, पण धाड नव्हती. दिसायला अगदीच सुमार गाडी. मला ती तिथंच आवडली.

डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या शनिवारी रुपालीनं मला मुद्दाम सोबत नेलं. गावाहून मावशींना घेऊन आम्ही निघालो. मी पुढं बसले होते. मध्ये रस्ता जिथं खोदून ठेवलाय तिथं मी वळून बघितलं. बरं वाटतंय का वगैरे काही विचारलं नाही. मावशींचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, तोंड उघडं होतं आणि त्या घोरत होत्या. माणूस लई भारी खोटं बोलू शकतो, पण खड्ड्यात खोटं घोरता येत नाही.

दवाखान्यापाशी उतरल्यावर रुपालीनं विचारलं, आई, कशी वाटली गाडी? मावशी म्हणाल्या, लई भारी हाय. ह्या वेळी मी विश्वास ठेवला. त्या आत गेल्यावर पर्समधून गेज काढून चारही टायरची हवा तेवढी बघून घेतली.